बेणायचं नाही

रात्री दोनला मी सड्याला पाणी लावतो.
लावतो म्हणजे बटण दाबतो.
पाइपात आधी हवा खोकते,
मग सातव्या होलच्या पट्ट्यात एकेक तोंड
जमिनीतून वर येतं
आणि मान फिरवायला लागतं.

पूर्णगडच्या खाडीवरचा हा कातळ.
वर वीतभर माती, ट्रकने आणलेली,
तिच्यावर परदेशी गवत, मखमलीसारखं;
थोडं मीठ चालतं त्याला.

बाप माझा सुपारी शिंपायचा.
पायाने दांड फोडायचा, पायानेच बुजवायचा.
आळं भरलं की आवाज बदलतो, म्हणायचा.
पाठमोरा असला तरी कळायचं त्याला
कुठलं झाड प्यालं.
इथे प्रेशर पडलं की खिशात मोबाइल थरथरतो
आणि मी टॉर्च घेऊन फुटका सांधा शोधत फिरतो.
तेव्हाही शेवटी कानच लागतो.

एप्रिलात तीन नंबरची बोअर खारते.
बोपय्या साहेब मीटर बुडवतात;
मी तोवर जिभेला लावलेलं असतं.
"किती?"
"अजून पेजेइतकं. कालवणाइतकं झालं की बंद करू."
ते वहीत एकवीसशे लिहितात.
आजवर आमचं दोघांचं एकदाच चुकलं,
तेव्हा मीटरचा सेल गेला होता.

गेल्या वर्षी नकाशावर पिवळी रेघ आली.
रेघेपलीकडे पाणी नाही, खत नाही, कापणी नाही.
"नैसर्गिक राहू दे," साहेब म्हणाले,
आणि पुण्याहून बियाण्याची सोळा पोती उतरली.
लेबलावर: स्थानिक गवत.
अनुसया घडशीने पोत्यात हात घातला,
मूठ नाकाशी नेली.
"ह्ये तं आमचंच करड!"
म्हशीसाठी ती इथूनच भारे न्यायची.
जेसीबी आला तेव्हा ते खरवडून
उताराला लोटलं होतं.
ट्रॅक्टरवर मीच होतो.
तिने ते काढलं नाही. मीही नाही.
चारशे रुपये रोजाने
दुपारपर्यंत तिने तीन पोती पेरली.

अर्धं बी उगवलं, अर्धं मुंग्यांनी नेलं.
श्रावण सरता सरता पोत्यात नव्हतं तेही आलं:
कातळाच्या खोलगट वाटीत, बोटभर पाण्यात,
पांढरे गेंद, आणि सीतेची आसवं, निळी.
साहेबांनी गुडघे टेकून फोटो काढले.
दिवाळीनंतर सगळं पिवळं पडलं
आणि मेंबर लोक तक्रार घेऊन आले:
बॉल सापडत नाही, मोज्यांत कुसळं जातात.
मुनाफ कॅडी बाकावर बसून
एका पाहुण्याच्या मोज्यांतली कुसळं वेचत होता,
एकेक, काटा काढावा तशी.

आता माझं अर्धं काम पाणी न लावण्याचं.
स्क्रू एवढासा, नखाएवढा.
चतकोर फिरवायचा, लांब जाऊन बघायचं,
पुन्हा फिरवायचा.
फवारा रेघेपाशी यावा, थबकावा, मागे वळावा;
पलीकडे थेंब पडला तर तिथे तण येतं,
मग अनुसयाबाईंना बेणायला पाठवावं लागतं
आणि पाटीवर तर आहे, बेणायचं नाही.
बापाला हे कसं सांगितलं असतं?
अमुक इतकी जमीन कोरडी राखली,
त्याचा महिना पगार मिळाला.

काल पहाटे मतलई सुटली.
पंप बंद, काटा शून्यावर,
आणि सातव्याच्या मागे पाणी वाहत होतं.
स्पष्ट. दांडातून वाहतं तसं,
मधेच खळखळ, मधेच दम घेत.
वाटलं मोठी लाइनच गेली.
टॉर्च, पाना, गमबूट, धावलो.
सांध्यावर हात ठेवला: कोरडा.
व्हॉल्व्हची पेटी उघडली: कोरडी,
आत एक बेडूक, तोही धुळीने माखलेला.
टॉर्च विझवून उभा राहिलो.

रेघेपलीकडे, गुडघाभर,
करड वाजत होतं.